थंड डोळ्याची जोपासना

आकाशदर्शनाचा नाद आपल्याकडील सुशिक्षित घरांस नवा नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं स्थापन झाली. तेव्हांपासून गच्चीवर दुर्बीण मांडून शनीचीं कडीं स्वतः पाहणारीं व शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावून दाखविणारीं कुटुंबें महाराष्ट्रांत सतत आढळत आलीं आहेत. परंतु अलीकडे या नादाचें स्वरूप बरेंच पालटलें आहे. नेत्रिकेला डोळा लावून बसण्याऐवजीं त्या जागीं एक मुठीएवढा, गोल डबीच्या आकाराचा कॅमेरा बसवावयाचा, आणि तो आकाशाचीं चित्रें घेत असतां आपण शेजारीं संगणकावर त्यांची तपासणी करावयाची, असा प्रघात पडत चालला आहे. या कॅमेऱ्यांपैकीं जे विशेष कामाचे असतात ते आपलें अंतरंग विजेच्या साह्यानें गोठणबिंदूच्याही खालीं थंड करून घेतात. अशा थंड कॅमेऱ्याचा वापर व निगा हा आमचा या महिन्याचा विषय आहे.

विषय निवडण्यास निमित्त एका पत्राचें झालें. कोंकणांतील एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या दिरांनीं सेवानिवृत्तीनंतर हातीं आलेल्या पैशांतून असा एक कॅमेरा घेतला. पहिला हिवाळा मोठ्या कौतुकांत गेला. पावसाळ्यांत यंत्र कपाटांत बंद होतें. दसऱ्यास बाहेर काढलें तों प्रत्येक चित्राच्या मध्यभागीं धुरकट डाग दिसूं लागला. आतां घरांत दोन पक्ष पडले आहेत. सासूबाई म्हणतात कीं हें यंत्र आपल्या हवेचें नव्हेच, तें विकून टाकावें. थोरला पुतण्या म्हणतो कीं काकांना राहूं द्या, सांभाळायला मी शिकतों. भगिनींचा प्रश्न सरळ आहे: ही वस्तु आपल्यासारख्यांच्या घरीं टिकण्याजोगी आहे कीं नाहीं? एखाद्या दुचाकीइतक्या किंमतीची वस्तु घरांत येते तेव्हां हा प्रश्न क्षुल्लक म्हणतां येत नाहीं, आणि त्याचें उत्तर यंत्र कसें चालतें हें समजल्यावांचून देतांही येत नाहीं. म्हणून प्रथम तिकडे वळूं.

थंडी कशासाठीं?

कॅमेऱ्याच्या पोटांत एक चकती असते, तिला आपण संवेदक म्हणूं. आज पुष्कळ प्रचारांत असलेला सोनी कंपनीचा आय-एम-एक्स ५३३ हा संवेदक उदाहरणादाखल घेतां येईल. त्याची बाजू सुमारे ११.३ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी; परंतु तेवढ्यांत ३००८ ओळी व ३००८ स्तंभ मिळून ९० लाखांवर प्रकाशपेशी मांडलेल्या आहेत. ताऱ्याचा प्रकाश पेशीवर पडला म्हणजे तेथें विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटे होतात. पेशी ते सांठवून ठेविते आणि शेवटीं त्यांची मोजदाद होते. एका पेशींत सुमारे ५० हजार इलेक्ट्रॉन मावतात.

अडचण अशी कीं, इलेक्ट्रॉन केवळ प्रकाशानेंच सुटतात असें नाहीं. ते उष्णतेनेंही सुटतात. झांकण लावून ठेवलेला कॅमेराही हळूहळू भरत असतो, आणि मोजदाद करणाऱ्या यंत्रणेस ताऱ्याचा इलेक्ट्रॉन कोणता व उष्णतेचा कोणता हें ओळखतां येत नाहीं. लग्नसमारंभाचें छायाचित्र सेकंदाच्या शतांशांत निघतें, तेथें ही गळती जाणवत नाहीं. परंतु अंधुक तेजोमेघाचें चित्र घेण्यास एकेक प्रकाशन दोन, पांच किंवा दहा मिनिटांचें लागतें, व तेवढ्या वेळांत ही गळती मूळ प्रकाशाला गिळून टाकूं शकते.

येथें एक शंका सहज निघेल. गळती किती होते हें मोजून ती वजा केली म्हणजे झालें, थंडीचा खटाटोप कशाला? शंका योग्य आहे, पण वजाबाकीनें काम पुरें होत नाहीं. समजा, एका पेशींत गळतीचे सरासरी १०० इलेक्ट्रॉन जमतात. ते दर वेळीं नेमके १०० नसतात. कधीं ९१, कधीं १०८ असे खालींवर होत असतात. हा चढउतार साधारणपणें संख्येच्या वर्गमूळाइतका, म्हणजे दहांचा असतो. सरासरी १०० वजा करतां येतात, परंतु दहांची ही चलबिचल तशीच मागें राहते, आणि तेजोमेघाचे आलेले पांच इलेक्ट्रॉन तींत हरवून जातात. हीच गळती तीनांवर आणली तर चलबिचल दोनांच्याही आंत येते व तेच पांच इलेक्ट्रॉन ओळखूं येऊं लागतात. म्हणून गळती मागाहून वजा करण्यापेक्षां ती मुळांतच होऊं न देणें श्रेयस्कर. संवेदकाचें तपमान सहा-सात अंशांनीं उतरविलें म्हणजे ही गळती जवळजवळ निम्मी होते. या हिशेबानें ३५ अंश उतरविल्यास ती सुमारे तिसाव्या हिश्शावर किंवा त्याच्याही खालीं येते.

थंडी येते कोठून?

या कॅमेऱ्यांत बर्फ नसतो व शीतकपाटांतील वायूही नसतो. जां पेल्टिये या फ्रेंच संशोधकाला १८३४ सालीं असें आढळून आलें कीं, दोन भिन्न धातूंच्या जोडांतून वीज वाहूं दिली असतां एक जोड थंड होतो व दुसरा तापतो. त्याच तत्त्वावर बनविलेली एक चपटी वडी संवेदकाच्या पाठीशीं चिकटविलेली असते. तिची थंड बाजू संवेदकाकडे व तापणारी बाजू मागील धातूच्या पंखांकडे. त्या पंखांवर एक लहान विजेचा पंखा वारा घालीत असतो. म्हणजे वडी थंडी निर्माण करीत नाहीं, ती आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. हें एक वाक्य ध्यानांत ठेविलें तर निगेचे अर्धे नियम आपोआप सुचतात.

या विद्येचा इतिहासही थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं सी-सी-डी नांवाचा प्रकाशसंवेदक कल्पिला, व त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७६ सालीं ॲरिझोनांतील एका दुर्बिणीवर हा संवेदक बसवून ग्रहांचीं चित्रें घेण्यांत आलीं आणि पाहतां पाहतां वेधशाळांतून फोटोच्या कांचा नाहींशा झाल्या. मोठ्या वेधशाळा संवेदक थंड करण्यास द्रवरूप नत्रवायू वापरीत आल्या आहेत; तो शून्याखालीं १९६ अंशांवर उकळतो. घरीं तें शक्य नाहीं. परंतु पेल्टियेची वडी ही गरिबाची सोय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. हबल दुर्बिणीवर २००९ सालीं अंतराळवीरांनीं जो मोठा कॅमेरा बसविला, त्याच्या दृश्यप्रकाशाच्या बाजूचा संवेदक अशाच वड्यांची चळत लावून शून्याखालीं ८३ अंशांवर ठेवण्यांत आला. तत्त्व एक, पायऱ्या अधिक, एवढाच भेद.

रात्रीचा क्रम

घरगुती कॅमेऱ्याची वडी भोंवतालच्या हवेपेक्षां साधारण ३५ अंश खालीं जाऊं शकते. कोंकणांत वैशाखाच्या रात्रीं हवा २८ अंश असेल तर संवेदक शून्याखालीं सातापर्यंत कसाबसा पोंचेल; पण त्यासाठीं वडी पूर्ण जोरानें राबेल, आणि वाऱ्याची झुळूक थांबली कीं तपमान डळमळूं लागेल. यास्तव वडीचा जोर शेंकडा ८० च्या वर जाणार नाहीं असें तपमान निवडावें. उन्हाळ्यांत शून्य अंश व हिवाळ्यांत शून्याखालीं दहा, असे दोनच ठराव बहुतेक घरांस वर्षभर पुरतात. शून्याखालीं वीस गांठण्याची हौस पुष्कळांस असते, परंतु शहराच्या उजळ आकाशाखालीं तिचा लाभ नांवालाच असतो. तेथें गळतीपेक्षां रस्त्यावरील दिव्यांचा उजेडच चित्र अधिक बिघडवितो. तपमान फार कमी असण्यापेक्षां तें रात्रभर स्थिर असणें अधिक महत्त्वाचें होय.

वीज १२ व्होल्टची लागते, व वडी जोरांत असतां तीन अँपियरपर्यंत ओढ असते. बारीक व लांब तार वापरली तर वाटेंतच दाब पडतो आणि ऐन प्रकाशन चालूं असतां कॅमेरा संगणकापासून तुटतो. अशा वेळीं कॅमेऱ्यास दोष देण्यापूर्वीं तार बदलून पाहावी. घरांत पडलेला कोणता तरी जुना अडॅप्टर खुपसून पाहणें हें धाडस मात्र कोणीं करूं नये. धन व ऋण टोकांची उलटापालट झाली तर यंत्र कायमचें जाऊं शकतें. जेथें वीज वरचेवर जाते तेथें १२ व्होल्टची बॅटरी मध्यें ठेवणें उत्तम.

दुर्बीण जुळवून झाल्यावर शीतन सुरू करावें व तपमान पांच-दहा मिनिटांत हळूहळू उतरूं द्यावें. रात्रीचें काम संपल्यावरही एकदम वीज तोडूं नये. तितक्याच सावकाशीनें संवेदकास हवेच्या तपमानावर आणावें, मग तार काढावी. वडी, संवेदक व त्यांना जोडणारा थर हे निरनिराळ्या पदार्थांचे असून थंडीनें कमीजास्त आकुंचन पावतात. त्यांना ताण न बसेल असें वागणें शहाणपणाचें. पहांटेच्या झोंपेच्या भरांत हीच पायरी गाळली जाते, म्हणून ती मुद्दाम सांगितली. थंडींतून घरांत आणतांना कॅमेरा त्याच्या डब्यांत बंद करूनच आणावा, म्हणजे घरांतील दमट हवेचें दंव त्याच्यावर धरत नाहीं.

एक सूचना घरांतील वडील मंडळींसाठीं. रात्रीं थंडी पडते म्हणून मायेनें या यंत्रावर लोकरी टोपरें घालणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. भावना कितीही चांगली असली तरी पंख्याचें तोंड झांकलें गेलें कीं बाहेर टाकलेली उष्णता परत आंत शिरते. या बाळाला उघडेंच राहूं द्यावें.

काळीं चित्रें आणि सपाट चित्रें

थंडीनें गळती पुष्कळ घटते, नाहींशी होत नाहीं. उरलेली वजा करण्यासाठीं झांकण लावून, त्याच तपमानावर, त्याच कालावधीचीं व कॅमेऱ्याची वर्धनाची मांडणी तीच ठेवून तीसचाळीस चित्रें घ्यावींत. त्यांस या नादांतील मंडळी ‘डार्क’ म्हणतात. त्यांची सरासरी काढून ती आकाशाच्या प्रत्येक चित्रांतून वजा करितात. कॅमेऱ्याचें तपमान आपल्या हुकमांत असल्याचा खरा लाभ येथें दिसतो. साध्या कॅमेऱ्याचें तपमान रात्रींतून बदलत राहतें, त्याचीं आजचीं काळीं चित्रें उद्यां उपयोगी पडत नाहींत. थंड कॅमेऱ्याचीं काळीं चित्रें मात्र आषाढांतल्या ढगाळ रात्रीं माजघरांत बसून घ्यावींत व वर्षभर वापरावींत. पावसाळा अगदींच वायां जात नाहीं तो असा. प्लॅस्टिकच्या झांकणांतून डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश झिरपूं शकतो, म्हणून झांकणावर धातूचा पातळ वर्ख गुंडाळावा व खोलीही अंधारी ठेवावी.

दुसरा प्रकार सपाट चित्रांचा, ज्यांस ‘फ्लॅट’ असें नांव आहे. दुर्बिणीमुळें चित्राच्या कडा मध्यापेक्षां काळवंडतात आणि कांचेवरील धुळीच्या सावल्या पडतात. हे दोष काढण्यासाठीं एकसारख्या उजळ पृष्ठभागाचें चित्र लागतें. महागडी प्रकाशपाटी नसेल तर धुतलेलें पांढरें धोतर दुहेरी करून, सुरकुती न पडेल असें दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधावें व पहांटेच्या उजळत्या आकाशाकडे रोंखावें. पेशी साधारण निम्म्या भरतील इतकें प्रकाशन द्यावें. अट एकच, कीं आकाशाचीं चित्रें घेतल्यापासून कॅमेरा फिरविलेला किंवा केंद्रण हलविलेलें नसावें. अन्यथा सावली एकीकडे व तिचें निवारण दुसरीकडे असा प्रकार होतो.

खरा शत्रु ओलावा

आतां कोंकणांतल्या त्या धुरकट डागाकडे येऊं. संवेदक एका लहानशा बंद कप्प्यांत असतो, व त्या कप्प्यापुढें एक कांच असते. कप्प्यांतील हवेंत वाफ असेल तर ती सर्वांत थंड वस्तूवर, म्हणजे संवेदकावरच, हिमाच्या रूपानें बसते. श्रावणांतील २४ अंशांच्या दमट हवेंत जेवढी वाफ असते, तिच्या दहाव्या हिश्शानेंही शून्याखालीं दहा अंशांवरील पृष्ठभागावर हिम धरूं लागतें. यावरून कप्पा किती कोरडा असला पाहिजे हें लक्षांत येईल. कारखान्यांतून तो कोरडा येतो. परंतु रबरी कड्यांतून वाफ अत्यंत हळूहळू, महिनोन् महिने, आंत झिरपतच असते. तिला धरून ठेवण्यासाठीं आंत शोषक द्रव्याच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. त्या भरल्या कीं हिम दिसूं लागतें. म्हणजे हा डाग कॅमेरा मेल्याचें चिन्ह नव्हे, गोळ्यांची भूक भागल्याचें चिन्ह आहे.

हिम आणि दंव यांत फरक करावा. मध्यभागीं डाग किंवा स्फटिकासारखी नक्षी दिसली व कॅमेरा ऊबदार करतांच ती नाहींशी झाली, तर दोष आंतला. तेजस्वी ताऱ्यांभोंवतीं धूसर वलयें आलीं, तर बहुधा पुढील कांचेवर बाहेरून दंव धरलें आहे. दुसऱ्या दोषासाठीं पुष्कळ कॅमेऱ्यांत कांचेभोंवतीं एक मंद तापक बसविलेला असतो. दमट रात्रीं तो चालूं ठेवावा, एवढ्यानें भागतें. पहिल्या दोषासाठीं गोळ्या बदलणें किंवा सुकविणें भाग आहे.

पूर्वींच्या निळ्या दाण्यांचा रंग ओल धरल्यावर गुलाबी होतो, व नारिंगी दाण्यांचा हिरवा होतो. हे सिलिका जेलचे दाणे सुमारे ११० ते १२० अंशांवर दोनतीन तास तापविले कीं पुन्हां ताजे होतात. मग ते झांकणबंद कांचेच्या बाटलींत निवूं द्यावेत, नाहीं तर निवतांनाच परत ओल धरतील. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो. ते स्वयंपाकाच्या भांड्यांत किंवा अन्न भाजण्याच्या भट्टींत कदापि तापवूं नयेत, व मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. कांहीं कॅमेऱ्यांत पांढऱ्या टिकल्या असतात. त्यांना याहून पुष्कळच अधिक उष्णता लागते, म्हणून त्या नव्या आणून बदलणेंच बरें. आपल्या कॅमेऱ्यांत कोणता प्रकार आहे व तो बाहेरून बदलतां येतो कीं कप्पा उघडावा लागतो, हें सोबतच्या पुस्तिकेवरून पाहावें. कप्पा उघडण्याची मुभा पुस्तिका देत नसेल तर तें काम जाणकाराकडेच द्यावें.

मुभा असेल तर तें काम माघांतील कोरड्या दुपारीं करावें, श्रावणांत नव्हे. पंखा बंद, हात धुऊन कोरडे, जागा स्वच्छ. प्रथम एखाद्या भूमीशीं जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज जाऊं द्यावी. पूजा आटोपून सोवळ्याच्या रेशमी कदासकट या कामाला बसणाऱ्या उत्साही मंडळींस विनंति, कीं रेशीम व नायलॉन हीं दोन्हीं या वेळीं वर्ज्य. सुती वस्त्रच नेसावें. संवेदकास बोट लावूं नये. रबरी कडें जागेवर नीट बसलें आहे, त्यांत केस किंवा तंतु अडकलेला नाहीं, हें पाहूनच झांकण फिरवावें.

ओलाव्याची ही पीडा घरगुती हौशी मंडळींच्याच वांट्यास येते असें नाहीं. युरोपीय अंतराळ संस्थेची यूक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ रोजीं अवकाशांत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस असें लक्षांत आलें कीं, ताऱ्यांचा प्रकाश थोडथोडा कमी भरत आहे. पृथ्वीवरून निघतांना यंत्राच्या अंगांत मुरलेली वाफ हळूहळू सुटून थंड पृष्ठभागांवर अतिसूक्ष्म बर्फाचे थर धरीत होती. मार्च २०२४ मध्यें शास्त्रज्ञांनीं तिचा एक आरसा शून्याखालीं १४७ अंशांवरून ११३ अंशांवर आणला, म्हणजे केवळ ३४ अंशांनीं ऊबविला, आणि लगेच शेंकडा १५ अधिक प्रकाश मिळूं लागला. जेथें कोणाचा हात पोंचूं शकत नाहीं तेथेंही उपाय तोच: दोष ओळखावा, सावकाश ऊब द्यावी, धीर धरावा.

धूळ, बुरशी आणि पावसाळा

चित्रांत दिसणारे धुळीचे गोल डाग पाहून कण कोठें आहे हें सांगतां येतें. लहान व गडद ठिपका असेल तर कण संवेदकाच्या अगदीं जवळ. मोठें व फिकट कडें असेल तर तो लांबच्या कांचेवर. बाहेरची कांच रबरी फुग्याच्या वाऱ्यानें झाडावी. तोंडानें फुंकर घालूं नये, थुंकीचे तुषार उडतात; धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर लावूं नये, चरे पडतात. डाग चिकटलेला असेल तरच भिंगाच्या कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलक्या हातानें पुसावें. धूळ थोडी असेल तर तिला सपाट चित्रांवर सोंपवावें; वारंवार पुसण्यानें जितकीं यंत्रें बिघडतात तितकीं धुळीनें बिघडत नाहींत. वर्षांतून एकदां मागील पंख्याची जाळी मऊ कुंचल्यानें झाडावी.

पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या पेटींत ठेवूं नये. चामडें ओल धरतें व बुरशीला आश्रय देतें. घट्ट झांकणाचा डबा, त्यांत सिलिका जेलची पुरचुंडी व एक लहानसें आर्द्रतामापक, एवढें पुरे. कांटा शेंकडा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. ६० च्या पुढें गेला कीं दाणे सुकवावेत. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या घालूं नयेत. त्यांच्या वाफेचा थर कांचेवर बसूं शकतो. महिन्यांतून एकदां यंत्र बाहेर काढून तासभर चालवावें, व त्याच वेळीं वर सांगितलेलीं काळीं चित्रें घ्यावींत. ज्या घरांत लोणच्याच्या बरणींत ओला चमचा जाऊं न देण्याची शिस्त तीन पिढ्या पाळली गेली, पापडांचा डबा केव्हां उन्हांत काढावा हें ज्या घराला सांगावें लागत नाहीं, त्या घराला ही निगा अवघड आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. किंबहुना हें खातें पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं व त्यांच्या सासूबाईंनींच आपल्याकडे घ्यावें. कॅमेरा आपल्या हवेचा नाहीं ही तक्रार खोटी नाहीं. परंतु पापडही आपल्या पावसाळी हवेचे नाहींत, आणि ते आपण टिकवितों.

कशासाठीं एवढें?

तरीही कोणी म्हणेल, कीं रंगीत चित्रें तर मोठ्या दुर्बिणींचीं फुकट पाहावयास मिळतात, मग घरच्या चित्रांसाठीं हा व्याप कां? याचें उत्तर एका घटनेंत आहे. १९ मे २०२३ रोजीं कोइची इतागाकी या जपानी हौशी निरीक्षकास सप्तर्षींच्या परिसरांतील एम १०१ या दीर्घिकेंत एक नवा तारा दिसला. तो मरणोन्मुख ताऱ्याचा महास्फोट होता. स्फोट नेमका केव्हां सुरू झाला हें ठरविण्यासाठीं शास्त्रज्ञांस त्याच्या आधींच्या तासांचीं चित्रें हवीं होतीं, आणि तीं जगभरच्या हौशी मंडळींच्या संग्रहांत मिळालीं. त्या रात्रीं कित्येकांनीं ती दीर्घिका केवळ आवडीनें टिपली होती. ज्यांच्या चित्रांवर अचूक वेळ होती व ज्यांनीं मूळ चित्रें जपून ठेविलीं होतीं त्यांची चित्रें कामास आलीं. ज्यांनीं केवळ रंग चढविलेली शेवटची प्रत ठेविली, त्यांची शोभेपुरतीच राहिलीं. उत्तर मुकुट तारकासमूहांतील एक तारा १८६६ सालीं व पुन्हां १९४६ सालीं अकस्मात् उजळला. अशा चंचल ताऱ्यांवर नित्य नजर ठेवणें मोठ्या वेधशाळांस परवडत नाहीं. तें काम शतकाहून अधिक काळ घराघरांतील निरीक्षक करीत आले आहेत, व थंड कॅमेऱ्यानें त्यांच्या डोळ्याला मोजमापाची ताकद दिली आहे.

तेव्हां आमचें मत असें, कीं दिरांनीं यंत्र विकूं नये. गोळ्या बदलाव्या, पुतण्याला हाताशीं घ्यावें, आणि एक हिवाळा पाहावें. परंतु एक अट आम्ही सर्वच घरांस घालूं. यंत्राबरोबर एक वही ठेवावी. तींत प्रत्येक रात्रीची तारीख व वेळ, हवेचें तपमान, संवेदकाचें तपमान, वर्धन, प्रकाशनाचा काल, आणि वडीचा जोर शेंकडा किती लागला, एवढें लिहावें. शेवटचा आंकडा विशेष मोलाचा आहे. हवा तितकीच, उतार तितकाच, आणि तरी जोर मागील वर्षापेक्षां अधिक लागूं लागला, तर पंखा मंदावला आहे किंवा धुळीनें भरला आहे हें चित्र बिघडण्याच्या फार आधीं कळतें. ज्या घरांत वाण्याचा व दुधाचा हिशेब रोज लिहिला जातो तेथें ही सहा खान्यांची नोंद जड होऊं नये. वही लिहिण्याचें काम घरांतील सर्वांत धाकट्या साक्षर मुलाकडे द्यावें. दुर्बीण हलवावयास त्याचे हात अजून लहान असतील, पण आंकडा जसा दिसला तसा लिहिण्याची संवय याच वयांत लागते, आणि एकदां लागली म्हणजे ती कॅमेऱ्याच्याही पुढें पुष्कळ वर्षें टिकते.